काजळदरीची चौथी वेस

बोरी, ता. जिंतूर
८ जुलै २०२४

'काजळदरी' गेम बनवणाऱ्या मॅडमला,
नमस्कार. मी राजेश्री. तुमाला ईमेल केला तर तो परत आला. गेम सुरू व्हताना खाली परभणीचा पत्ता येतो आणि 'काही अडलं तर लिहा' असं येतं. म्हणून हे पत्र लिहायलेय.

आमचे मिस्टर योगीराज इथं स्टँडजवळ झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतात. परभणीला पुस्तकांच्या प्रदर्शनात त्यायनी तुमच्या गेमचा पेनड्राइव्ह घेतला व्हता. तो ड्रॉवरमदी पडून राहिला. आता दुकानातला जुना कॉम्प्युटर घरी आणला, तेव्हा मी लावून बघितला. मला गेम-बिमचा नाद न्हाई, पण ह्यात मराठीत गोष्ट हाय म्हणून वाचत बसले. शेळ्या राखणारी अंबू. तिची बहीण कंदीलवाल्याच्या मागं काजळदरीत गेलेली. तिथं दिवस उगवतच न्हाई. आणि अंबूसंगं तो तरस, ढेकळ्या. लय खादाड, लय भित्रा, थापा मारण्यात एक नंबर. आमच्या घरात त्याच्यावर सगळ्यांचा जीव जडलाय.

आता अडचण सांगते. चौथ्या वेशीवर ती राखणदारीण म्हातारी म्हणते, ढेकळ्याला इथं सोडून जा, तरच दार उघडीन. आमी 'नाही' दाबलं. ती परत विचारते. परत 'नाही'. तिसऱ्यांदा 'नाही' दाबलं की समदं जाग्यावर थांबतं. माउस हलत न्हाई, बटन दाबून बंद करावं लागतं. कितीदा केलं तरी तेच. काय करायचं ते लवकर कळवा. घरात एक जण वाट बघायलंय.

आपली,
राजेश्री


परभणी
१५ जुलै २०२४

श्रीमती राजेश्री यांना,
सप्रेम नमस्कार.
आपलं पत्र मिळालं. आपण 'काजळदरी' आवडीनं खेळता, हे वाचून आमच्या टीमला आनंद झाला. आपण कळवलेली अडचण आम्ही तपासली. चौथ्या वेशीवर 'हो' हा पर्याय निवडल्यास खेळ सुरळीत पुढे जातो. कृपया तसं करून पाहावं.

घरातल्या छोट्या खेळाडूला वाईट वाटत असेल, तर ढेकळ्या पुढे भेटतो असं सांगावं.

कळावे,
ईश्वरी
'काजळदरी' टीमतर्फे


बोरी
२३ जुलै २०२४

ईश्वरी मॅडम,
तुमचं पत्र आलं. दुपारी घरात कुणी नसताना मी एकटीनं 'हो' दाबलं आणि शेवटपर्यंत खेळले. बहीण सापडली, दिवस उगवला, समदं झालं. ढेकळ्या काही भेटला न्हाई. मंग खोटं कामून लिहिलं?

आणि आमच्या घरात छोटं कुणी न्हाई. वाट बघायल्यात त्या माझ्या सासूबाई, कडूबाई. मी त्यायला आत्याबाई म्हणते. सांगायचं न्हाई असं ठरवलं व्हतं, कारण घरचं दुखणं परक्याला काय सांगायचं. पण आता सांगते.

फेब्रुवारीत हरभरा काढताना आत्याबाई लकवा मारून शेतात पडल्या. परभणीच्या दवाखान्यात लय दिवस व्हत्या. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि जीभ गेली. समदं समजतं, पण बोलायला गेलं की नुसता आवाज निघतो. ह्याच बाई आधी बांधावरून हाक मारायच्या तर वाड्यावस्तीला कळायचं कुणाच्या घरी काय शिजलंय ते! डॉक्टर म्हणले, बोलतं करा. घाईनं त्यायच्या जागी आमीच बोलू लागलो. "आत्याबाईला चहा पाहिजे," "आईला झोप आली." त्या मान हलवायच्या. मंग मानही हलवायच्या बंद झाल्या.

गेम मी त्यायच्या पलंगाजवळ बसून खेळायचे. पडद्यावरचं मोठ्यानं वाचायचे. एक दिवस ढेकळ्या म्हणला, "मी भित्रा नाही, मी लांबून शूर आहे." आत्याबाई हसल्या. पडल्यापासून पहिल्यांदा. मंग रोजचं झालं. कोणतं उत्तर द्यायचं ते त्या डाव्या हाताच्या बोटानं दाखवायच्या, मी दाबायचे. माझं चुकलं तर चापट मारायच्या.

चौथ्या वेशीवर मी वाचलं, "याला इथं सोडशील?" बोट आलं न्हाई. मी मागं वळून बघितलं तर त्यायचे ओठ हलायले व्हते. आणि त्या म्हणल्या, "न्हाई." मॅडम, चांगलं स्पष्ट. मी पळत जाऊन ह्यायला दुकानातून बोलवून आणलं. ह्यायच्यासमोर दुसऱ्यांदा म्हणल्या. तिसऱ्यांदा म्हणल्या आणि तुमचा गेम बंद पडला.

तेव्हापासून कॉम्प्युटर लावला की त्या भिंतीकडं तोंड करतात. आपल्या बोलण्यानंच बिघडलं असं त्यायला वाटलंय. मी लाख समजावलं. तोंडातून शब्द न्हाई.

मला 'हो' म्हणायचा रस्ता नको. 'न्हाई' म्हणल्यावर पुढं जायचा पाहिजे. तुमच्या टीमला सांगा. हे म्हणतात, प्रदर्शनात टीम-बीम कुणी नव्हतं, एक मुलगी एकटीच बसली व्हती, कुणी तिच्याकडं बघत नव्हतं, म्हणून घेतला पेनड्राइव्ह.

राजेश्री


बोरी
२८ ऑगस्ट २०२४

ईश्वरीताई,
तुमचं उत्तर आलं न्हाई. काल आत्याबाईला तपासायला परभणीला आणलं व्हतं. पाकिटावरचा पत्ता होताच, म्हणून दवाखान्यातून रिक्षा करून तुमच्या घरी आलो. तुमचे वडील, माधवरावकाका भेटले. म्हणले, "ईशू ऑफिसला गेलीय, सहाला येईल." आमची शेवटची गाडी निघून जाईल म्हणून थांबता आलं न्हाई.

काकांनी चहा केला. आत्याबाईचा कप त्यायनी बशीत ओतून डाव्या हाताशी ठेवला, कुणी सांगितलं नव्हतं. तुमचा कॉम्प्युटर चादरीखाली झाकलेला बघितला. काका म्हणले, "तिनं आता ते सगळं सोडलं. दोन वर्षं नोकरी सोडून खपली आणि कुणी ढुंकून पाहिलं नाही. आता कॉलेजच्या ऑफिसात लागलीय. बरं आहे, पण घरी बोलत नाही."

भिंतीवर ढेकळ्याचं चित्र हाय ना, हातात बोर्ड धरलेला? आत्याबाई उठून तितं गेल्या. काठी न घेता. चित्रावर हात ठेवून उभ्या राहिल्या. काका म्हणले, "घेऊन जा, वहिनी." त्यायनी मान हलवली, नको म्हणून.

मी रागावून आले व्हते. परत जाताना राग राहिला न्हाई. तुमच्याकडून व्हणार नसंल तर तसं लिहा, मी आत्याबाईला दुसरं काही दाखवीन. पण काहीतरी लिहा.

राजेश्री


परभणी
१ सप्टेंबर २०२४

प्रिय राजेश्री,
बाबांनी तुम्ही आल्याचं सांगितलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. मग चादर काढली.

टीम नाही. गोष्ट मी लिहिली, गेम मी जुळवला आणि चित्रं माझी मैत्रीण सुकेशनी हिची. आम्हाला वाटलं होतं, मराठीत असा खेळ कुणी केलेला नाही, लोक उड्या मारतील. कुणी वाईटसुद्धा म्हटलं नाही हो. कुणी वाईट म्हणायलाही खेळावं लागतं! प्रदर्शनात मुलं यायची, ढेकळ्याला बघून हसायची, आणि "यात बंदूक कुठाय?" विचारून जायची. शेवटी शेवटी मी आणि सुकेशनी एकमेकींवर चिडलो. त्यानंतर बोलणं नाही.

तुमचं दुसरं पत्र मी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. रोज काढायची, रोज ठेवायची. काय उत्तर देऊ? चौथ्या वेशीवर बिघाड नाही. तिथं रस्ताच नाही. राखणदारीण तीनदा विचारते, कारण मला वाटलं, एवढ्या लांब आलेलं कुणी बहिणीसाठी तरसाला सोडेलच. पहिल्यांदा नाही तर दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा 'नाही' म्हणणारं माणूस असेल, हे माझ्या मनातच आलं नाही. त्यामुळे पुढचं लिहिलंच नाही.

आता लिहायचंय. पण तीन दिवस बसले आणि जे सुचलं ते सगळं खोटं वाटलं. अंबू जादूनं दार फोडते, ढेकळ्या भिंत खणतो, असलं काही. म्हणून एक विनंती. आत्याबाईंना विचाराल का? म्हणावं, बरोबर केलंत तुम्ही, 'नाही'च म्हणायचं होतं, चूक खेळ करणारीची आहे. आता दार बंद आहे आणि ढेकळ्या बरोबर आहे. पुढं काय करायचं? कितीही दिवस लागू देत. मात्र त्यांच्या वतीनं तुम्ही किंवा योगीराजांनी उत्तर देऊ नका.

तुमची,
ईश्वरी


बोरी
२४ सप्टेंबर २०२४

ईश्वरीताई,
तुमचं पत्र मी आत्याबाईला शब्द न् शब्द वाचून दाखवलं. 'चूक खेळ करणारीची आहे' हे वाक्य त्यायनी बोट लावून परत वाचायला लावलं. मंग परत.

नंतर मी विचारलं, "आत्याबाई, आता काय करायचं?" काही न्हाई. दुसऱ्या दिवशी विचारलं, काही न्हाई. हे मधीच म्हणायले, "आईला वाटत असंल की दुसऱ्या रस्त्यानं जावं." मी म्हणलं, "तुमी गप बसा, तुमाला कुणी विचारलं?" आयुष्यात पहिल्यांदा मी ह्यायला असं बोलले. आत्याबाईनं माझ्याकडं असं बघितलं की काय सांगू. बरं वाटलं असंल त्यायला!

पंधरा-वीस दिवस गेले. मी रोज एकदा विचारायचे आणि कामाला लागायचे. गेल्या शुक्रवारी मी उडीद पाखडायले व्हते. त्या जवळ बसलेल्या. आपणहून म्हणल्या, "बसायचं."

मला आधी कळलं न्हाई. म्हणलं, "बसलाच की तुमी." तर चिडून कॉम्प्युटरकडं हात केला. "तितं. बसायचं."

म्हणजे वेशीपुढं बसायचं. अंबूनं आणि ढेकळ्यानं. मी विचारलं, किती दिवस? तर हात झटकला, म्हणजे किती का असंना. मी विचारलं, "आणि म्हातारीनं दार उघडलंच न्हाई तर?" लय वेळ ओठ हलवत व्हत्या. घामानं डबडबल्या. मी मधी पडले न्हाई, जिवावर दगड ठेवून बसले. शेवटी म्हणल्या, "ती पन… एकटी हाय."

एवढं बोलून झोपल्या. तुमाला कामाचं हाय का ते बघा. मला तर ते ऐकून राखणदारणीचीच कीव आली. इतके दिवस मी तिला शिव्या द्यायले व्हते.

राजेश्री


परभणी
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय राजेश्री,
इतके दिवस पत्र नाही म्हणून काळजी केली असशील. मी तुला आता 'अगं' म्हणते, चालेल ना?

'ती पण एकटी आहे.' दोन वर्षं मी त्या म्हातारीचे संवाद लिहिले, पण ती दाराआड कुणाबरोबर राहते, हा विचार केला नाही. आत्याबाईंचं उत्तर वाचलं आणि त्याच संध्याकाळी लिहायला बसले. लिहून झालं, पण चित्रं? बसलेला ढेकळ्या पाहिजे, दाराबाहेर आलेली म्हातारी पाहिजे. माझा हात चित्रकलेत शून्य.

सुकेशनी आता वालूरला शाळेत शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत सेलूहून गाडी पकडून गेले. दारात उभी राहिले तर म्हणाली, "रस्ता चुकलीस?"

मी म्हटलं, "ढेकळ्याची चित्रं पाहिजेत."

"माझ्याकडं वेळ नाही."

"वेशीवर त्याला सोडायला एका बाईनं नकार दिलाय. तीनदा."

ती आत निघाली होती, ती थांबली. "आणि मग?"

"मग खेळ बंद पडला."

"ईशू, मी तुला तेव्हाच म्हटलं होतं, त्याला सोडायचा प्रसंग नको म्हणून! त्याच्यावरूनच तर भांडलो आपण." ती जोरात बोलायला लागली, मीही. तिची आई बाहेर येऊन आम्हा दोघींना पाणी देऊन गेली. पाणी पिऊन झाल्यावर मी तुझी पत्रं तिच्या हातात दिली. तिनं ओट्यावर बसून वाचली. मग म्हणाली, "म्हातारी बाहेर येताना हातात काय घेऊन येते?"

ते आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. तू खेळशील तेव्हा बघ.

सोबत नवा पेनड्राइव्ह आहे. मी, सुकेशनी आणि बाबा, तिघांनी पुन्हापुन्हा 'नाही' म्हणून पाहिलं, अडकला नाही. पण तुझा कॉम्प्युटर जुना आहे, म्हणून भीती वाटते. आधी तू एकटीनं खेळून बघ, मगच आत्याबाईंसमोर लाव. परत बंद पडला तर मला सहन होणार नाही.

तुझी,
ईश्वरी


बोरी
९ डिसेंबर २०२४

ईश्वरीताई,
आधी एकटीनं खेळायचं तुमी लिहिलं व्हतं. मी ऐकलं न्हाई. पुढचं मला आधीच माहीत असतं तर ते माझ्या तोंडावर दिसलं असतं, आणि आत्याबाईच्या नजरेतून काही सुटत न्हाई.

कॉम्प्युटर लावला तशा त्यायनी भिंतीकडं तोंड केलं. मी काही बोलले न्हाई. पहिल्यापासून सुरू केलं, मोठ्यानं वाचत, आणि मुद्दाम येड्यासारखी उत्तरं देत गेले. दुसऱ्या वेशीवर पाठीत चापट बसली. बघते तर तोंड इकडं केलेलं.

चार दिवस रोज थोडं थोडं खेळलो. चौथ्या वेशीवर आलो. म्हातारीनं विचारलं, "याला इथं सोडशील?" आत्याबाई गप. मी 'नाही' दाबलं. दुसऱ्यांदा विचारलं. मी 'नाही' दाबलं. तिसऱ्यांदा मी माउसवरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला. मनात म्हणलं, आता ह्या बोलल्या तरच. शेगडीवरचं दूध उतू गेलं तरी उठले न्हाई.

"न्हाई," आत्याबाई म्हणल्या. "न्हाई म्हन."

मी दाबलं. पडदा काळा झाला. ताई, त्या एका क्षणात मी तुमाला काय काय बोलले ते विचारू नका. मंग हळूहळू उजेड आला आणि अंबू दारापुढं मांडी घालून बसलेली दिसली. बाजूला ढेकळ्या. तो म्हणतो, "बसण्यात मी लहानपणापासून हुशार आहे." आत्याबाई हसता हसता रडायल्या.

दार बंद. वारा. रात्र जाते, परत रात्र येते, कारण तितं दिवसच न्हाई. दाराच्या फटीतून म्हातारी बघते आणि जाते. आमी दोघी जीव मुठीत धरून बसलेलो. आणि मंग ती बाहेर येती, परडीत बोरं घेऊन, आणि काही न बोलता त्यायच्या शेजारी बसती. सुकेशनीताईनं तिचे पाय काढलेत ना, भेगा पडलेले, ते बघून आत्याबाईनं स्वतःचे पाय पांघरुणाबाहेर काढून बघितले.

म्हातारी म्हणते, "दार उघडून तुम्ही गेलात की परत मी एकटी. म्हणून म्हटलं, एकाला तरी ठेवून घ्यावं." तेव्हा खाली दोन उत्तरं येतात. मी वाचायच्या आधीच आत्याबाई म्हणल्या, "तिला बी चल म्हन." तेच उत्तर खाली लिहिलेलं व्हतं. तुमी कसं ओळखलं?

काजळदरीत दिवस उगवला तेव्हा चौघं व्हते. शेवटी नावं येतात त्यात 'चौथ्या वेशीची वाट: कडूबाई, बोरी' असं आलं. ह्यायनी ते मोबाइलवर फोटो काढून समद्या पाव्हण्यांना पाठवलं. आत्याबाई दोन दिवस कुणाला पाठ टेकू देईनात, "परत लाव, परत लाव."

तुमची,
राजेश्री


परभणी
२२ डिसेंबर २०२४

प्रिय राजेश्री,
मी ओळखलं नाही गं. सुकेशनीनं ओळखलं. मी तिथं "आम्ही परत भेटायला येऊ" असं लिहिलं होतं. ती म्हणाली, असं सगळेच म्हणतात आणि कुणी येत नाही. तेव्हा आम्ही "तूही चल" लिहिलं.

नवी वाट घातलेला खेळ आम्ही पुन्हा लोकांसाठी इंटरनेटवर ठेवला. गर्दी झाली असं समजू नकोस. पण गडचिरोलीहून एका मास्तरांचा निरोप आला, ते वर्गात पडद्यावर लावतात आणि पोरं एका सुरात उत्तरं देतात. एका बाईंनी मला खडसावलंय की कंदीलवाल्याला फार सोपी शिक्षा दिली. मी ते दिवसभर ऑफिसात मनातल्या मनात घोळवत होते. आम्हाला कुणीतरी रागावलं म्हणून सुकेशनी तर पेढे आणते म्हणाली!

नोकरी सोडणार नाही. पण रविवारी वालूरला जाते, किंवा ती इकडे येते. दुसरी गोष्ट सुरू केलीय. बाबा विचारत होते, वहिनींची तब्येत कशी आहे? उरलेलं बोलणं येतंय का?

तुझी,
ईश्वरी


जिंतूर
१९ जानेवारी २०२५

ईश्वरीताई,
काकांना सांगा, उरलेलं बोलणं येयलंय, पण त्याच्या मनानं. सकाळी चांगले चार शब्द येतात, दुपारी अडतात. राग आला की लवकर येतात. डॉक्टर म्हणले, समदं पहिल्यासारखं व्हईल असं सांगता येत न्हाई, पण थांबवू नका. दुपारी गल्लीतल्या बाया येऊन बसतात, गेम बघायला. नाव गेमचं, निम्मा वेळ गप्पाच चालतात. आत्याबाईला शब्द सापडंना की पहिले समद्या एकदम सुचवायच्या. आता मी एकेकीला डोळ्यानं दटावते. त्यायलाही सवय झाली थांबायची.

लिहायला बसले ते आजचं सांगायला. जिंतूरला आत्याबाईची बहीण राहते, केशरमावशी. आजारपणात ती येऊन गेली, पण आत्याबाई पडल्यापासून तिच्याकडं गेल्या नव्हत्या. चार लोकांत तोंड उघडायची लाज. संक्रांतीचं निमित्त काढून मी म्हणलं, चला, आपण जाऊ. हे म्हणले, मोटरसायकलवर सोडतो. तर आत्याबाई म्हणल्या, "यष्टीनं."

गाडीला गर्दी व्हती. एका पोरीनं उठून आत्याबाईला जागा दिली, मी दांड्याला धरून मागं उभी. कंडक्टर आला. मशीन हातात, घाईत, दुसऱ्याशीच भांडत. म्हणला, "बोला, कुठं?" मी सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं. मागच्या बाईचा धक्का लागला तरी मिटलेलंच ठेवलं.

आत्याबाईनं पदर सावरला. तो परत म्हणला, "ओ आजी, कुठं जायचं?" पुढचा माणूस वळून बघायला लागला. मला वाटलं, आता मान खाली जाती. 

"जिंतूर," त्या म्हणल्या. मंग थांबल्या. ओठ हलत व्हते, कंडक्टरचं बोट मशीनवर थांबलेलं. "दोन. हाफ."

त्यानं खर्रकन दोन तिकिटं काढली, त्यायच्या डाव्या हातात दिली आणि "पुढं सरका, पुढं सरका" ओरडत गेला. त्याला काय माहीत! चार घरच्या चार बाया रोज जशा तिकीट काढतात, तशी त्यायनी काढली. मी खिडकीकडं तोंड करून डोळे पुसत व्हते, तर त्यायनी माझ्या पदराला हिसका दिला आणि सरकून जागा करून दिली. म्हणल्या, "बस."

केशरमावशीच्या घरी पोचेपर्यंत त्यायनी तिकिटं मुठीतून सोडली न्हाईत. आत्ता मी हे मावशीच्या ओसरीवर बसून लिहायलेय. आत दोघी बहिणी भांडायल्यात, तिळगूळ कडक झाला म्हणून. एकीचा आवाज मोठा, एकीचा अडखळत, पण माघार कुणीच घेईना.

तुमची,
राजेश्री